जर्मनीतली किटा: कोल्हापूरहून लेकरू घेऊन जाणाऱ्यांसाठी परखड परीक्षण

शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या कारखान्यातून, नाहीतर पुण्यातल्या आयटी कंपनीमार्फत, जर्मनीला निघालेलं जोडपं आधी व्हिसाचं बघतं, मग घराचं, मग पगाराचं. मुलाच्या बालवाडीचा विषय निघतो तो बॅगा भरून झाल्यावर, आणि प्रश्न एकच असतो: ‘तिथं शिकवतात काय?’ राजारामपुरीत किंवा ताराबाई पार्कात नर्सरी शोधताना हा प्रश्न चालतो. किटाला, म्हणजे तिथल्या बालवाडी-पाळणाघराला, तो विचारला तर ‘काही नाही’ असं उत्तर येतं आणि इकडं आजी-आजोबांचा जीव टांगणीला लागतो. किटात अक्षरं गिरवून घेत नाहीत, पाढे नाहीत, गृहपाठ नाही, गणवेश नाही, गॅदरिंगची महिनाभर तालीम नाही. किटा जोखायची ती दोन गोष्टींवर. मुलाला तिथं रुळवतात कसं, आणि रुळवणारी माणसं टिकतात का? इमारत, खेळणी, दारावरची ‘इंटरनॅशनल’ पाटी हे सगळं त्यानंतर.

किटा म्हणजे शाळेआधीची सगळी सोय एका छपराखाली. 3 वर्षांखालच्यांचा विभाग क्रिप्पे, 3 ते 6 वर्षांच्यांचा किंडरगार्टन. काही किटा नगरपालिका चालवते, काही चर्चशी जोडलेल्या कॅरितास आणि दियाकोनी या संस्था, काही आवो ही कामगार कल्याण संस्था किंवा रेडक्रॉस, तर काही पालकांनीच एकत्र येऊन काढलेल्या असतात. चर्चची किटा म्हटल्यावर बिचकायचं कारण नाही. तिथं ख्रिसमस, सेंट मार्टिनची कंदील मिरवणूक आणि जेवणाआधीची छोटी प्रार्थना असते, पण मूल कोणत्या धर्माचं यावर सहसा काही अडत नाही. पालकांनी चालवलेली किटा मात्र विचार करून निवडा. गट छोटा, वातावरण घरगुती, पण आळीपाळीने स्वयंपाक, सफाई आणि हिशेब पालकांच्याच गळ्यात. दोघं नोकरी करणार असतील आणि जर्मन कच्ची असेल तर ती जबाबदारी जड जाते.

आता दुखऱ्या जागेवर येऊ. किटाची सेवा चांगली, पण जागा मिळेल तर! 1 ऑगस्ट 2013 पासून जर्मनीत वर्षाच्या वाढदिवसानंतर प्रत्येक मुलाला किटात किंवा मान्यताप्राप्त पाळणाघरात जागा मिळण्याचा कायदेशीर हक्क आहे. कागदावर हक्क, प्रत्यक्षात प्रतीक्षायादी. त्यामुळे ‘निवड’ हा शब्द जपून वापरावा; मोठ्या शहरात बहुतेकदा किटाच तुम्हाला निवडते. तरीही हातात बरंच असतं.

नोंदणी शहरागणिक वेगळी. म्युनिकला किटा-फाइंडर-प्लस, ड्युसेलडॉर्फला किटा-नाविगाटोर, फ्रँकफर्टला किंडरनेट अशी पोर्टलं आहेत. बर्लिनमध्ये आधी गुटशाइन, म्हणजे सरकारी हमीपत्र काढावं लागतं. त्याचा अर्ज सुरुवातीच्या तारखेआधी 9 महिन्यांपासून 2 महिन्यांपर्यंत करता येतो, आणि ते हाती आलं तरी जागा आपली आपणच शोधायची. नॉर्थ राईन-वेस्टफालिया राज्यात गरजेची नोंद किमान 6 महिने आधी करावी लागते, आणि तिथलं किटावर्ष 1 ऑगस्टला सुरू होतं. सगळ्यात मोठी चूक इथंच होते. ‘जानेवारीत पोचलो की बघू’ म्हणणाऱ्याच्या लक्षात येतं की ऑगस्टच्या जागांची वाटणी हिवाळ्यातच उरकत आली आहे. मधल्या महिन्यांत जागा सुटते ती कुणी शहर सोडलं तरच.

पोर्टलवर नाव घालून गप्प बसणं ही दुसरी चूक. पत्ता ठरला की त्याच आठवड्यात जवळच्या आठ-दहा किटांना थेट ईमेल करा, कोल्हापुरात बसूनही हे जमतं. मजकूर पाच ओळींचा पुरे: मुलाची जन्मतारीख, कधीपासून हवं, दिवसाला किती तास, घरी कोणती भाषा, गोवराच्या लसी झाल्या आहेत का. दर चार-सहा आठवड्यांनी नम्रपणे पुन्हा विचारावं. आपल्याकडं याला मागं लागणं म्हणतात, तिकडं ते आस्था समजतात. सोबत युगेंडआम्टला, म्हणजे तिथल्या बालकल्याण कार्यालयाला, जागेची मागणी लेखी कळवून ठेवा. ती नोंद नसेल तर पुढं दाद मागायला आधार राहत नाही. नगरपालिकेच्या चुकीमुळं जागा मिळाली नाही तर पालक बुडालेल्या पगाराची भरपाई मागू शकतात, असा निकाल तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने ऑक्टोबर 2016 मध्ये दिला आहे. कोर्टाची पायरी चढायला कुणी सांगत नाही, पण लेखी अर्ज फुकट आहे.

जागा नाहीच मिळाली तर टागेसमुटर बघा. युगेंडआम्टचा परवाना घेतलेली बाई, कधी पुरुषही, घरात किंवा छोट्या जागेत एका वेळी जास्तीत जास्त 5 मुलं सांभाळते. दोन वर्षांखालच्या, घरी फक्त मराठी ऐकलेल्या मुलासाठी ही सोय अनेकदा मोठ्या किटापेक्षा उजवी ठरते, कारण माणूस रोज तोच. उणीव एकच: ती आजारी पडली की त्या दिवशी पर्यायी सोय काय, हे आधीच विचारून घ्यावं.

खर्चाचं चित्र राज्यागणिक इतकं बदलतं की ‘जर्मनीत बालवाडी फुकट’ हे ऐकीव वाक्य विसरलेलं बरं. बर्लिनमध्ये ऑगस्ट 2018 पासून किटाचं शुल्क नाही, जेवणाचे पैसे मात्र द्यावे लागतात. हॅम्बुर्गमध्ये रोजचे 5 तास जेवणासह मोफत. नॉर्थ राईन-वेस्टफालियात शाळेआधीची शेवटची दोन वर्षं मोफत, त्याआधी नगरपालिकेच्या तक्त्याप्रमाणं, बहुतेक ठिकाणी उत्पन्न पाहून. मोटार उद्योगामुळं आपली बरीच मंडळी जिथं जातात त्या श्टुटगार्टच्या बाजूला शुल्क नगरपालिका ठरवते आणि ते दुर्लक्ष करण्याजोगं नाही. काही खासगी द्विभाषिक किटा महिन्याला हजार युरोच्या पुढं जातात. पगाराची बोलणी चालू असतानाच हा आकडा विचारून घ्यावा. काही कंपन्या तो भार उचलतात, पण मागितल्याशिवाय नाही.

रुळवणं: किटाची खरी कसोटी

या एका बाबतीत किटाला मनापासून पैकीच्या पैकी गुण. जून उजाडला की आपल्याकडं काय चालतं ते आठवा. बालवाडीच्या दारात पोरांचा आकांत, मावशी मूल कडेवर घेऊन आत पळतात आणि आईला सांगतात, ‘तुम्ही जावा, गप्प हुतंय थोड्या वेळानं.’ किटात असं होत नाही. तिथं आइनगेव्होनुंग नावाची ठरलेली प्रक्रिया असते. अनेक किटा तिची ‘बर्लिन पद्धत’ पाळतात, काही म्युनिकची.

बर्लिन पद्धतीत पहिले तीन दिवस आई किंवा बाबा मुलासोबत गटाच्या खोलीत साधारण तासभर बसतात आणि मुलाला घेऊनच घरी जातात. मुलाला सोडून जायचा प्रयत्नसुद्धा करायचा नाही. पालकाने कोपऱ्यात बसून राहायचं. आपणहून खेळवायचं नाही, मुलाला ढकलायचं नाही आणि जवळ आलं तर परतवायचंही नाही. तेवढ्या वेळात मुलासाठी नेमलेली एर्त्सियेरिन, म्हणजे शिक्षिका, हळूहळू ओळख वाढवते. चौथ्या दिवशी पहिली ताटातूट, जास्तीत जास्त 30 मिनिटांची. चौथा दिवस सोमवारी आला तर ती मंगळवारवर ढकलतात, कारण शनिवार-रविवार घरी काढलेलं मूल सोमवारी पुन्हा पहिल्या पायरीवर असतं. त्या अर्ध्या तासात शिक्षिकेच्या कुशीत मूल शांत होतं का, यावर पुढचं वेळापत्रक. शांत झालं तर आठवड्याभरात तास वाढतात. नाही झालं तर पालक आणखी काही दिवस सोबत बसतात आणि सगळं दोन-तीन आठवड्यांवर जातं. दुपारची झोप सगळ्यात शेवटी.

नोकरीचा पहिला दिवस आणि किटाचा पहिला दिवस एकाच आठवड्यात ठेवू नका. किमान चार आठवडे हाताशी हवेत. मूल मध्येच तापानं आडवं झालं तर पाच-सहा.

घोडं अडतं ते आपल्या सवयींपाशी. मूल खेळात रमलं की नजर चुकवून सटकायचं, ही आपल्या घराघरांतली युक्ती. तिथं ती चालत नाही आणि चालूही नये. निरोप सांगून, छोटा ठेवून, निघायचं. फसवलं गेलेलं मूल दुसऱ्या दिवशी आईचा पदर सोडत नाही आणि आठवड्याची मेहनत पाण्यात जाते. दुसरी सवय माणसं बदलण्याची. सोमवारी आई, मंगळवारी बाबा, बुधवारी कोल्हापूरहून आलेली आजी, असं केलं तर गणित फिसकटतं. सगळ्या आइनगेव्होनुंगला एकच माणूस ठेवा. आजी-आजोबांना शेंगेन व्हिसावर 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस राहता येतं. ते 90 दिवस या काळात खर्ची घालण्यापेक्षा त्यांना नंतर, पहिल्या हिवाळ्यात बोलवावं. त्या हिवाळ्यात मूल वरचेवर आजारी पडतं. ताप उतरून 24 तास आणि उलटी-जुलाब थांबून 48 तास झाल्याशिवाय बहुतेक किटा आत घेत नाहीत. सार्वजनिक आरोग्य विमा असेल तर नोकरी करणाऱ्या प्रत्येक पालकाला आजारी मुलासाठी भरपाई मिळणारे दिवस आहेत. 2024 आणि 2025 साठी ते प्रत्येक मुलामागं वर्षाला 15 होते. घरी दुसरं कुणी सांभाळणारं असेल तर मात्र ही भरपाई मिळत नाही.

आजी-आजोबा मुलाला आणायला जाणार असतील तर त्यांची नावं किटाच्या यादीत आधी घाला आणि पहिल्या दिवशी पासपोर्ट सोबत द्या. यादीत नाव नसलेल्या सख्ख्या आजोबांच्या हातीसुद्धा मूल देत नाहीत, आणि तिथं रागावून उपयोग नाही, नियम बरोबरच आहे.

बघायला जाल तेव्हा

सकाळी 9 ते 11 ही वेळ मागा. रिकामी, आवरलेली किटा बघून काही कळत नाही. शिक्षिका मुलाशी बोलताना खाली बसते की उभ्यानेच हुकूम सोडते? रडणाऱ्या मुलाजवळ कुणी किती वेळात पोचतं? लंगोट बदलायची जागा कशी आहे? पाऊस असताना मुलं अंगणात आहेत का? पाऊस आहे म्हणून सगळी आत कोंडलेली दिसली तर ती किटा माणसांच्या तुटवड्यानं ग्रासलेली असण्याची शक्यता आहे.

आता तो प्रश्न, जो आपले पालक कधी विचारत नाहीत: ‘गेल्या वर्षात किती दिवस माणसं कमी म्हणून वेळ कापावी लागली?’ जर्मनीत प्रशिक्षित शिक्षिकांचा तुटवडा सार्वत्रिक आहे. आदल्या रात्री निरोप येतो, उद्या नोटबेट्रॉयुंग, म्हणजे मोजक्याच मुलांची सोय, किंवा किटा 2 वाजताच बंद. उत्तर टाळाटाळीचं आलं तर समजून जा. पाठोपाठ विचारा, या गटातल्या शिक्षिका किती वर्षं इथं आहेत? वर्षभरात तिघी बदलल्या असतील तर कितीही सुंदर लाकडी खेळणी असोत, मूल पुन:पुन्हा रुळत बसणार. बंद राहण्याच्या तारखाही लेखी घ्या. उन्हाळ्यात दोन-तीन आठवडे, नाताळात आठवडाभर, शिवाय प्रशिक्षणाचे सुटे दिवस. भारतवारीची तिकिटं या तारखा बघूनच काढावीत.

‘खुल्या पद्धतीची’ किटा म्हणजे ठरलेले गट नाहीत, मुलं हवं त्या खोलीत जातात. चार वर्षांच्या बोलक्या मुलाला हे मानवतं. भाषा न येणाऱ्या दोन वर्षांच्या मुलाला तिथं हरवल्यासारखं होतं; त्याला पक्का गट असलेली किटा बघा.

भाषेची काळजी पालक नको इतकी करतात आणि नको त्या दिशेनं करतात. मूल काही महिने किटात गप्पच राहू शकतं. ऐकत असतं, साठवत असतं. घरी मोडकी जर्मन किंवा घाईघाईची इंग्रजी सुरू करू नका, मराठीच बोला. किटाला मात्र एक कागद द्या: मुलाचे रोजचे दहा-बारा मराठी शब्द रोमन लिपीत, समोर जर्मन अर्थ. पाणी, शू, शी, नको, दुखतंय, झोप, मम्मम, आई कुठाय. ‘शू’ हा उच्चार जर्मन कानाला बुटासारखा ऐकू येतो, त्यामुळं हा कागद नसेल तर मूल लघवीला जायचं म्हणतंय आणि शिक्षिका त्याचे बूट शोधतेय, असा प्रकार होऊ शकतो. तो कागद लंगोट बदलायच्या जागेजवळ चिकटवायला सांगा. शिक्षिकांना मुलं पहिल्या नावानं हाक मारतात. बाई, मॅडम, टीचर काही नाही. आजीला व्हिडिओ कॉलवर ते उद्धटपणाचं वाटेल, पण तिथली रीत तीच आहे.

डबा आणि कपडे

दुपारचं जेवण किटाचं, बहुतेकदा केटररकडून. शाकाहार सर्रास मिळतो, फक्त फॉर्म भरताना सावध. ‘डुकराचं मांस नको’ या खान्यात खूण केली तर कोंबडी आणि गोमांस चालतं असा अर्थ होतो. ‘वेजेटारिश’वर खूण करा आणि अंडं चालतं की नाही हे वेगळं लिहा. वाढदिवसाला वाटल्या जाणाऱ्या मऊ रंगीत गोळ्यांत जिलेटिन असतं, तेही सांगून ठेवा. सकाळच्या न्याहारीचा डबा घरचा असेल तर तो गरम करून मिळत नाही. म्हणून थंड चांगलं लागेल तेच द्या: थालीपीठ, मेथीचा पराठा, छोट्या इडल्या, काकडी. शेंगदाण्याची चटणी, कूट घातलेली भाजी, दाण्याचा लाडू हे डब्यातून वगळावं. कितीतरी किटांत ॲलर्जीमुळं दाण्यांना बंदी असते, आणि लहान गटात घशात अडकण्याची भीती वेगळी. कांदा-लसूण मसाला घरीच बरा.

कपड्यांत कोल्हापूरहून नेऊ नये अशी वस्तू म्हणजे आपला पावसाळी रेनकोट. तिथं मुलं पावसात चिखलात बसकण मारतात. त्यासाठी मात्शहोझे लागते: छातीपर्यंत येणारी, पट्ट्यांची जलरोधक विजार. ती तिकडंच घ्यावी, जुनी घेतली तरी चालते. माप वयावर नाही, उंचीवर, सेंटिमीटरमध्ये: 92, 98, 104. सोबत गमबूट, घरात घालायची टाचबंद चप्पल, बदलायचे दोन जोड. सगळ्यावर नाव. नाव नसलेला मोजा परत मिळत नाही.

कोल्हापुरातून निघण्याआधीचे कागद

1 मार्च 2020 पासून जर्मनीत गोवराच्या लसीचा पुरावा असल्याशिवाय किटात प्रवेश नाही: वर्षावरच्या मुलाला एक डोस, दोन वर्षांवरच्याला दोन. आपल्या सरकारी वेळापत्रकात गोवर-रुबेला 9 ते 12 महिन्यांत आणि पुन्हा 16 ते 24 महिन्यांत देतात, म्हणजे वेळेवर घेतलेल्या मुलाचे दोन्ही डोस झालेले असतात. अडचण लसीची नसून कार्डाची. लस सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात, घेतलेली असो वा खासगी दवाखान्यात, कार्डावर नुसती बरोबरची खूण आणि पुसट तारीख असते. बालरोगतज्ज्ञांकडून लेटरहेडवर इंग्रजीत लिहून घ्या: मुलाचं पूर्ण नाव, लसीचं नाव, दोन्ही तारखा, सही, शिक्का. महिना अक्षरात लिहायला सांगा. महापालिकेच्या जन्मदाखल्यावर मुलाचं नाव घातलेलं आहे का आणि स्पेलिंग पासपोर्टशी जुळतं का, तेही बघा. नावाचा रकाना कोरा राहिलेले दाखले बरेच निघतात. तिथं पोचल्यावर बालरोगतज्ज्ञांची भेट लगेच ठरवा, कारण लसीकरणाचा सल्ला घेतल्याची चिठ्ठी किटा पहिल्या दिवसाआधी मागते.

इंग्लंडला जाणाऱ्यांसाठी थोडक्यात, कारण तिथलं दुखणं वेगळं आहे. जागा सापडते, पैसे जातात. 3 वर्षं पूर्ण झाल्यानंतरच्या सत्रापासून आठवड्याला 15 तास, वर्षाचे 38 आठवडे मोफत, आणि हे व्हिसा कोणताही असला तरी. नोकरदार पालकांचे 30 तास मात्र दोघांच्याही व्हिसावर सरकारी मदतीला बंदी असेल तर मिळत नाहीत, आणि कुशल कामगार व्हिसावर ती बंदी असते. जाहिरातीतला 30 तासांचा आकडा धरून घरखर्च मांडू नका. दोन वर्षांखाली 3 मुलांमागं, दोन वर्षांच्या 5 मुलांमागं एक सांभाळणारं माणूस हा किमान नियम. भेटीच्या वेळी डोकी मोजा. चौथ्या वाढदिवसानंतरच्या सप्टेंबरात रिसेप्शनचा वर्ग सुरू होतो, अर्जाची मुदत त्याच वर्षीच्या 15 जानेवारीपर्यंत.

परत यायचं असेल, आणि दोन-तीन वर्षांच्या कामावर गेलेले बरेच जण येतात, तर वयाचा हिशेब आत्ताच करून ठेवा. महाराष्ट्रात पहिलीसाठी 31 डिसेंबरला 6 वर्षं पूर्ण लागतात. जर्मनीत शाळेची वयोमर्यादा राज्यानुसार 30 जून ते 30 सप्टेंबर अशी बदलते. 10 नोव्हेंबर 2020 ला जन्मलेलं मूल कोल्हापुरात जून 2026 ला पहिलीत बसू शकतं, जर्मनीत तेच मूल 2027 च्या ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत किटात चिखल खेळत असतं. ते 2026 च्या मे महिन्यात परतलं तर एकही अक्षर न गिरवता थेट पहिलीचं दार समोर. अशा मुलाला मोठ्या गटात, म्हणजे सीनियर केजीत एक वर्ष बसवणंच शहाणपणाचं, शाळा काहीही म्हणो. कात्री चालवणं, बटणं लावणं, स्वतःचं ताट आवरणं यात ते वर्गात पुढं असतं. हाताला वळण आहे, अक्षरं सहा महिन्यांत येतात. निघताना किटाकडून मुलाची पोर्टफोलिओ फाइल मागून घ्या. आणि करार रद्द करण्याची मुदत बघा, ती बहुतेक ठिकाणी 1 ते 3 महिन्यांची आणि महिनाअखेरीला धरलेली असते. विमानाच्या तिकिटासोबतच ते पत्र लेखी द्या, नाहीतर मूल शाहूपुरीच्या शाळेत जायला लागल्यावरही तिकडचं शुल्क खात्यातून कापलं जात राहतं.